पावसाळ्यात ७०१८ रॉडच्या वेल्डमध्ये पिनहोल: अखेर थांबले

ठिकाण रबाळे एमआयडीसी, महिना जुलै. १२ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचा व्ही-जोड, वेल्डिंगचा रॉड ३.१५ मिमीचा ७०१८. स्लॅग (वेल्डवरचं कडक कवच) काढला की बारीक छिद्रं, विशेषतः जिथे आर्क (रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत) सुरू केला तिथे. करंट वाढवला, तर अंडरकट (वेल्डच्या कडेला खाच) आला. नवं पाकीट फोडलं, फरक शून्य. दोन दिवस नुसतं ग्राइंडिंग.

दोष रॉडवरच्या ओल्या कोटिंगचा होता. ७०१८सारखा लो-हायड्रोजन (कमी हायड्रोजन सोडणारा) रॉड दमट हवेतली ओल शोषतो. आर्कमध्ये त्यातून हायड्रोजन सुटतो, छिद्रं पडतात. जाड प्लेटमध्ये तर तासांनंतरही वेल्डशेजारी तडा जाऊ शकतो. पुठ्ठ्याचं पाकीट सीलबंद असलं तरी भरवसा नको.

आधी रॉड पाकिटातून काढून ओव्हनमध्ये ३५० अंशांवर २ तास भाजले. मग १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवून, लागतील तेवढेच गरम क्विव्हरमधून (रॉड गरम ठेवणाऱ्या हातातल्या डब्यातून) जॉबजवळ नेले. उरलेले पुन्हा भाजायचे तर एकदाच. ६०१३ या साध्या रॉडला मात्र एवढी उष्णता देऊ नका, कोटिंग वाया जातं.

कडेपासून २५ मिमीपर्यंत गंज, मिलस्केल (प्लेटवरचा मूळचा काळा थर), रंग घासला. गॅसच्या ज्योतीने प्लेट हाताला चांगली गरम लागेपर्यंत शेकली, कारण सकाळी तिच्यावर दव असतं. होल्डर पॉझिटिव्हला, डीसी ११० अँपिअर. आर्क १० मिमी पुढे पेटवून मागे आणला आणि पेटवलेल्या जागेवरूनच पुढे गेलो. आर्कची लांबी ३ मिमीच्या आत. लांब आर्क हवा आत ओढतो, मग भाजलेला रॉडही फुकट.