डेड फोन: बॅटरी बदलण्याआधी अँपिअर बघा

फोन चार्ज होत नाही, चालूही होत नाही, म्हणजे बॅटरीच गेली, हा निकाल लोक माझ्याकडे येण्याआधीच लावून येतात. मी बॅटरीवर सगळ्यात शेवटी येतो. अपवाद एकच. मागचं झाकण किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल तर बॅटरी फुगलीय. असा फोन चार्जरला लावू नका, दाबू नका, स्वतः उघडूही नका.

आता फोन खरंच डेड आहे का ते बघा. दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. रिंग वाजली किंवा फोन थरथरला तर स्क्रीन गेलीय, चार्जिंगचा काही संबंध नाही. नाहीतर तो अडकून पडलेला असू शकतो. बहुतेक अँड्रॉइडमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन ही बटणं वीसेक सेकंद एकत्र दाबून धरा. आयफोन ८ आणि पुढच्या मॉडेलांत व्हॉल्यूम अप दाबून सोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरा.

मग टॉर्च लावून चार्जिंगच्या पोर्टमध्ये डोकवा. केबल पूर्ण आत जात नसेल, लटकत असेल, तर तळाशी खिशातला कापूस घट्ट दाबून बसलेला असतो. तो लाकडी टूथपिक तासून हळूच उकरा. सुई, टाचणी नको. टाइप-सीच्या एवढ्याशा जिभेवर दोन्ही बाजू मिळून २४ पर्यंत संपर्क बसवलेले असतात.

एवढ्याने काम झालं नाही तर यूएसबी मीटर घ्या. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचं छोटं यंत्र, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. माझ्या मते मोबाइल दुरुस्तीत याहून स्वस्त आणि कामाचं हत्यार नाही. चालत्या फोनवर तपासलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर वापरा.

०.०० अँपिअर दिसलं तर फोन वीज घेतच नाहीये: दोष पोर्टमध्ये, पोर्टला मेन बोर्डशी जोडणाऱ्या आतल्या चपट्या पट्टीत (स्ट्रिप) किंवा बोर्डमध्ये. ०.१ च्या आसपास अडकलं तर लगेच हात झटकू नका. लिथियम बॅटरी ३ व्होल्टच्या खाली गेली की चार्जिंग सांभाळणारी चिप, म्हणजे चार्जिंग आयसी, तिला मुद्दाम थेंबाथेंबाने पाजते. तासभर राहू द्या, आकडा चढला तर बॅटरी शुद्धीवर येतेय. आकडा एकदम वर जाऊन ५ व्होल्ट कोसळले किंवा फोन एकाच जागी तापला, तर शॉर्ट आहे, लगेच काढा.

पोर्टवर संशय असेल तर दोन युक्त्या. टाइप-सी केबल उलटी करून लावा; एकाच बाजूने चार्ज होत असेल तर संपर्क खराब. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने काहीच नाही, पण जुन्या चौकोनी यूएसबीवाल्या केबलने चार्ज होतो? मग सीसी पिन तपासा. त्या पिनवर फोनची ओळख पटल्याशिवाय सी-टू-सी चार्जर वीज सोडत नाही. फोन वायरलेस चार्जिंग घेत असेल तर काम सोपं: वायरलेसवर चढला म्हणजे बॅटरी आणि बोर्ड बहुधा ठीक, दोष खालच्या पोर्टकडे.

उघडायचाच असेल तर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मल्टिमीटरने तिथेच मोजा. ३.७ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. शून्य आलं तर तिच्या संरक्षक सर्किटने बहुधा दार लावून घेतलंय. बाहेरून थेट व्होल्टेज देऊन ती उठवण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. घरी करू नका, नवी टाका. कनेक्टरवर बुरशीसारखा हिरवट-पांढरा थर दिसला तर पाणी गेलंय. नुसतं वाळवून क्षार जात नाहीत, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने घासा.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट वेगळ्या सब-बोर्डवर असतो. आधी त्याची स्ट्रिप काढून पुन्हा नीट बसवा, पडलेल्या फोनमध्ये ती सुटलेली सापडते. तरी ०.०० असेल तर सब-बोर्ड बदला. स्क्रू खोलता येणाऱ्याला हे जमतं. पोर्ट थेट मेन बोर्डवर सोल्डर केलेला असेल किंवा नव्या सब-बोर्डनेही आकडा हलला नाही, तर काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं. त्याला मीटरचे आकडे सांगा.

नवा सब-बोर्ड बसवल्यावर झाकण चिकटवण्याआधी मीटर पुन्हा लावा आणि एक कॉल करून बघा. बहुतेकदा माइकही त्याच बोर्डवर असतो.