विंडोज सोडून लिनक्सवर जायचंय? पहिला कॉम्प्युटर असा घ्या

आधी दुकानात जाऊ नका. घरीच बसून रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करा. ब्राउझर, लिब्रेऑफिस, पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), व्हीएलसी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर, मजेत चालतात. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप थेट चालत नाहीत. रोजीरोटी त्यांच्यावर असेल तर विंडोज ठेवाच. घरात कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडून असेल तर तो युनिकोडमध्ये करून घ्या.

माझ्या भाचीला कॉलेजसाठी पायथन हवं होतं, म्हणजे यादीत अडचण नव्हती. बजेट मॉनिटर धरून वीस हजार. तिच्या बाबांचा आग्रह नव्या लॅपटॉपचा होता, पण स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डालाच सोल्डर केलेली असते. उद्या कमी पडली तर मशीनच बदला! (मॅककडे वळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवा: एम चिपच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, जी हवी ती घेतानाच घ्यावी लागते.)

म्हणून आम्ही इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कंपन्यांतून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून झालेले पण नीट करून विकले जाणारे, डेस्कटॉप बघितले. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर, तिन्ही चांगले. माझी अट एकच: इंटेलचं प्रोसेसर आठव्या पिढीचं किंवा पुढचं, उदाहरणार्थ आय५-८५००. लिनक्सला जुनंही चालतं, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीची जवळपास सगळी प्रोसेसरं नाकारतं. परतीची वाट उघडी राहिलेली बरी.

हे डेस्कटॉप पुस्तकाएवढ्या छोट्या डब्यातही मिळतात. तो टेबलावर छान दिसतो, पण त्यात नेहमीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही आणि रॅम लॅपटॉपची लागते. पुढे कार्ड घालायचा विचार असेल तर टॉवर, म्हणजे उभा मोठा डबा, घ्या. तिथेही पॉवर सप्लाय कार्डाला पुरेल का बघा, कारण ऑप्टिप्लेक्सचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा सप्लाय सरळ लागत नाही. भाचीला गेम खेळायचे नव्हते, आम्ही छोटा डबा निवडला.

दुकानदाराला झाकण उघडायला सांगा, संकोच करू नका. रॅमचे दोन स्लॉट दिसले पाहिजेत आणि त्यातला एक रिकामा. ८ जीबी हवी तर एकाच पट्टीत घ्या. चार-चारच्या दोन पट्ट्या थोड्या वेगवान असतात, पण वाढवताना निदान एक तरी काढून टाकावी लागते. शेजारी एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडी डिस्कची) जागा आणि अडीच इंची डिस्कची जागा, दोन्ही आहेत ना बघा.

सगळ्यात महत्त्वाचं: घरून लिनक्स मिंटचा (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) पेन ड्राइव्ह करून न्या. ८ जीबीचा पुरतो, रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरून तयार होतो. मशीन सुरू करताना डेल किंवा लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबा आणि पेन ड्राइव्हवरून चालू करा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. दुकानदार म्हणाला, “ताई, कशाला? विंडोज टाकून देतो ना.” मी म्हटलं, “भैया, पाच मिनिटं द्या.” मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, गाणं लावलं, सगळे यूएसबी पोर्ट तपासले. पहिल्या मशीनमध्ये वाय-फाय कार्डच नव्हतं! दुसऱ्यात इंटेलचं कार्ड होतं, लगेच जोडलं गेलं. वाय-फायच्या स्वस्त यूएसबी डोंगलच्या भानगडीत पडू नका, लिनक्सवर काहींचे ड्रायव्हर शोधत बसावं लागतं.

बायोसमध्येही (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघा. जुन्या कंपनीचा पासवर्ड तिथे राहिला असेल तर ते मशीन सोडा, कितीही स्वस्त मिळो. आणि बिलावर सिरियल नंबर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीचे महिने दुकानदाराकडून लिहूनच घ्या.