इंग्रजीत ‘बघितलं आणि दिसलं’ कसं सांगावं?

मालवणच्या जेटीवरून होडी सुटली की सिंधुदुर्गाचा तट लगेच समोर येतो, पण दरवाजा काही केल्या दिसत नाही. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेल्या या किल्ल्याचा दरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. होडीवाला मराठी पाहुण्यांना सांगतो, ‘तिकडे बघा, आता दरवाजा दिसेल.’ होडीत केरळचं, बंगालचं किंवा परदेशी कुटुंब असलं की हेच वाक्य इंग्रजीत बोलायची वेळ येते आणि तोंडातून निघतं, ‘सी देअर, गेट इज सीइंग.’ पाहुणे हसून मान डोलावतात, पण नजर भलतीकडेच राहते. दरवाजा मागे पडतो.

किनाऱ्यावर होमस्टे चालवणारे, होडीवर असणारे, गाइड म्हणून फिरणारे आणि शाळा-कॉलेजातली मुलं यांच्यासाठी हा लेख आहे. मुद्दा एकच: इंग्रजीत आधी नजर कुठे न्यायची ते सांगायचं, मग तिथे काय दिसतं ते. दोन्हींची क्रियापदं वेगळी.

पहिली पायरी: बघणारा कोण ते ठरवा

नजर मुद्दाम वळवली तर ‘लुक’, आपोआप दिसलं तर ‘सी’. आपल्याकडेही बघणं आणि दिसणं वेगळं आहेच, त्यामुळे एवढं सोपं जातं. गडबड होते ती कर्त्याची. आपण ‘मला दरवाजा दिसला’, ‘मला होडी दिसली’, ‘मला कासव दिसलं’ म्हणतो आणि क्रियापद दिसणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत मात्र डोळे ज्याचे, तोच कर्ता: ‘आय सॉ द गेट.’ ‘गेट इज सीइंग’ म्हटलं तर दरवाजालाच डोळे फुटतात. आत्ता दिसतंय असं म्हणायचं तर ‘आय कॅन सी द गेट’ म्हणा. तिथे ‘आय ॲम सीइंग’ चालत नाही. पाहुण्याला विचारायचं असेल तर ‘कॅन यू सी इट?’ एवढं पुरे.

दुसरी पायरी: नजरेला दिशा द्या

इथे घाई करू नका, कारण सगळं काम छोट्या शब्दांवर चालतं. ‘लुक’नंतर वस्तूचं नाव आलं की मध्ये ‘ॲट’ हवाच. ‘लुक द टेम्पल’ चूक, ‘लुक ॲट द टेम्पल’ बरोबर. उलट नुसती जागा दाखवायची असेल तेव्हा ‘ॲट’ नको: ‘लुक ओव्हर देअर.’ ‘लुक ॲट देअर’ खूप ऐकू येतं, ते टाळा.

किल्ल्यात फिरता फिरता बाकीचे शब्द सहज बसवता येतात. बुरुजाखाली उभे असाल तर ‘लुक अप ॲट द बॅस्टियन’. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोडं पाणी, हे पाहुण्यांना दाखवायलाच हवं. काठावर नेऊन म्हणा, ‘लुक डाउन इंटू द वेल.’ यातला ‘इंटू’ नजर आत उतरवतो. तटातल्या जंगीतून, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेल्या भोकातून, बाहेर बघायचं तर ‘लुक थ्रू द होल’, तटावर उभं राहून किनाऱ्याकडे वळायचं तर ‘लुक बॅक ॲट द शोर’, आणि समोरच्या मोकळ्या पाण्यावर नजर टाकायची तर ‘लुक आउट ओव्हर द वॉटर’. ‘लुक फॉर’ मात्र वेगळं, ते शोधण्यासाठी आहे. ‘लुक फॉर द गेट’ म्हणजे दरवाजा हुडका.

तिसरी पायरी: दोन्ही अर्धी जोडा

पाहुण्यांसाठी सर्वांत उपयोगी साचा हा: ‘इफ यू लुक टू युअर लेफ्ट, यू विल सी द गेट.’ पहिल्या अर्ध्यात मान वळते, दुसऱ्यात वस्तू डोळ्यांपुढे येते. घडून गेलेलं सांगताना ‘आय लुक्ड डाउन अँड सॉ अ टर्टल’ असं जोडा. अचानक दिसलं हे जाणवून द्यायचं असेल तर ‘सॉ’ काढून टाका: ‘आय लुक्ड डाउन, अँड देअर वॉज अ टर्टल!’ माझ्या मते गोष्ट सांगताना हे वाक्य सर्वांत जिवंत वाटतं.

याच पायरीवर एक फसवी जागा आहे. कोकण रेल्वे रत्नागिरीजवळ पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलावरून जाते, तेव्हा आपण म्हणतो, ‘खिडकीतून खाली बघताना दरी फार खोल वाटली.’ मराठीत यात काहीच चूक नाही. बघणारा मी, हे ऐकणाऱ्याला कळतं. हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर होतं, ‘लुकिंग डाउन फ्रॉम द विंडो, द व्हॅली वॉज व्हेरी डीप.’ इंग्रजीच्या हिशेबाने इथे दरीच खिडकीतून डोकावतेय. स्वल्पविरामानंतर लगेच बघणाऱ्याला आणा: ‘लुकिंग डाउन फ्रॉम द विंडो, वी सॉ अ डीप व्हॅली.’ लेखी परीक्षेत आणि होमस्टेच्या जाहिरातीत ही चूक हमखास आढळते.

चौथी पायरी: दिसलं की लक्षात आलं?

डोळ्यांना दिसलं ते ‘सी’, मनाने टिपलं ते ‘नोटिस’. पाणी सगळ्यांनाच दिसतं. ओहोटी लागल्याचं एखाद्याच्याच लक्षात येतं. तो म्हणेल, ‘आय नोटिस्ड दॅट द टाइड वॉज गोइंग आउट.’ बरंच शोधल्यावर नेमकं हेरलं तर ‘स्पॉट’: ‘शी स्पॉटेड अ सी ईगल.’ ओझरतं दिसलं तर ‘कॉट अ ग्लिम्प्स ऑफ’. आणि हलती गोष्ट लक्ष देऊन बघत राहिलो तर ‘वॉच’. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघत उभे राहिलात, तर ते ‘वॉच’.

पाचवी पायरी: काय करताना दिसलं?

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाण्याकडे निघतात. वाळूतून सरपटत लाटेत शिरेपर्यंत सगळं बघितलं असेल तर क्रियापद मूळ रूपात ठेवा: ‘वी वॉच्ड द टर्टल्स क्रॉल इंटू द वॉटर.’ मधलाच एखादा क्षण दिसला असेल तर ‘वी सॉ द टर्टल्स क्रॉलिंग’. मराठीत दोन्हीसाठी ‘सरपटताना’ चालून जातं, म्हणून हा फरक मुद्दाम घोटावा लागतो. मध्ये ‘टू’ घालू नका. ‘सॉ देम टू क्रॉल’ होत नाही.

डॉल्फिन दाखवताना

इथे लांब वाक्याला वेळच नसतो. डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो आणि क्षणात बुडी मारतो. होडीचं तोंड म्हणजे घड्याळातले बारा, हे निघतानाच सांगून ठेवा. मग उजवीकडे थोडं पुढे दिसला की ‘लुक, टू ओक्लॉक!’ म्हटलं की सगळ्या माना एकदम तिकडे वळतात. पहिल्यांदा दिसला तेव्हा ‘देअर्स अ डॉल्फिन!’, कारण ‘अ’ नव्या ओळखीचा. पुन्हा तोच वर आला तर ‘देअर इट इज!’, आणि निघून जाताना ‘देअर इट गोज!’ या दोन्हींत ‘इट’ मध्येच राहतो, ‘देअर इज इट’ म्हणायचं नाही. कोणी ‘खंय?’ (कुठे?) अशा चेहऱ्याने बघत राहिलंच, तर बोट दाखवून म्हणा, ‘जस्ट बिहाइंड दॅट बोट’.