गावावरून आणलेला बोकड नागपुरात कोणाकडे कापायला द्यायचा?

पोळा जवळ आला की दरवर्षी कोणी ना कोणी मला विचारतंच, भाऊ गावावरून बोकड आणून राहिलो, चांगला खाटीक सांग नं. करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मारबतीची मिरवणूक आणि तिकडे घरोघरी मटण, त्यामुळे त्या दिवशी कोणत्याही दुकानात उभं राहायला जागा नसते. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, खाटीक शोधायचा तो करीच्या, धुळवडीच्या किंवा रविवारच्या गर्दीत नाही, पंधरा दिवस आधी एखाद्या साध्या बुधवारी जाऊन शोधायचा.

मी हे शिकलो ते नुकसान करून. काही वर्षांपूर्वी काटोलकडून मामाच्या घरचा खस्सी, म्हणजे खच्ची केलेला बोकड आणला होता, चोवीस किलोचा, अंगानं भरलेला. घराजवळ जे दुकान होतं तिथेच करीच्या सकाळी नेऊन दिला. त्यानं घाईत सगळा एकाच मापाचा कापला, रान (मांडी) काय अन् सीना (छाती) काय, नळ्यांचा पार चुरा केला, कलेजी अन् वजडी एकाच थैलीत कोंबली आणि गरम गरम मटण पॉलिथिनमध्ये गच्च बांधून दिलं. श्रावण संपतानाची ती उमस, मधे ट्रॅफिक, घरी येऊन गाठ सोडली तर वाफ निघाली आणि खालच्या थैलीतलं मटण हाताला चिकट लागत होतं. ते फेकावं लागलं. तीस पाहुणे येणार होते, आई काही बोलली नाही पण मामानं वर्षभर चारा घालून वाढवलेलं जनावर होतं ते, मला आजही वाईट वाटते.

मग शोधायचा कसा, तर सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे सावजी भोजनालय. जिथला रस्सा तुम्हाला आवडतो तिथे जेवण झालं की काउंटरवर नीट विचारा, तुमचं मटण कुठून येते. रोज मटण घेणारा माणूस खराब माल दुसऱ्यांदा घेत नाही. महाल, इतवारी, गोळीबार चौक या भागात विचारत फिरलं तर दोन-तीन नावं परत परत ऐकू येतात, त्यांच्याकडे जायचं.

दुकानात गेल्यावर नाक आणि डोळे उघडे ठेवा. मटण लटकवलेलं आहे की खाली पडलं आहे, माशांसाठी जाळी किंवा काच आहे का, नळाला पाणी आहे की एकाच बादलीत दिवसभर सुरा बुडवून राहिले, वजडी-सुंदरीचा, म्हणजे पोटा-आतड्यांचा ट्रे वेगळा आहे का. लाकडी ठोकळा पाहा, चांगला खाटीक रात्री तो खरवडून मीठ लावून ठेवतो, तो पांढरट कोरडा दिसतो, काळा ओला वास मारणारा ठोकळा दिसला की मागे फिरा. भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या परवान्याचा चौदा आकडी नंबर लावलेला असला पाहिजे. आणि हे पण विचारा की कापणार कुठे, कारण कत्तलखान्याच्या २००१ च्या नियमांप्रमाणे शहराच्या हद्दीत जनावर मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच कापायचं असते, तिथे डॉक्टर जनावर तपासतो. गाभण शेळी किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापायला मनाईच आहे. जो म्हणतो "मागच्या गल्लीत करून देतो, कोणी विचारत नाही", त्याला जनावर देऊ नका.

आता खरी परीक्षा. चांगला माणूस पैशाच्या आधी तुम्हाला विचारतो, काय बनवायचं आहे? रस्सा असेल तर गर्दन, सीना, नळी, थोडी चरबी ठेवून मध्यम पीस, खिम्यासाठी रान किंवा दस्ती (पुढचा पाय), चाप वेगळ्या. त्याचा सत्तूर धारदार असतो, एका घावात हाड तुटते, चार-चार घाव घातले की रश्श्यात हाडाचे कण येतात आणि लहान लेकराच्या घशात अडकतात. मी आता ज्यांच्याकडे जातो ते काका चामडी काढताना एक हात चामडीला अन् दुसरा मटणाला, असं ठेवतात, मधे हात बदलत नाहीत, बोकडाच्या केसांचा तो उग्र वास मटणाला लागतो म्हणून. पित्ताची पिशवी तर अशी अलगद काढतात की पाहातच राहावं, ती फुटली की कलेजी कडू झालीच समजा.

वजनाचं आधीच बोलून घ्या. जिवंत बोकड तोलायचा आणि सोललेला पण आपल्यासमोर तोलायचा, साधारण पंचेचाळीस ते पन्नास टक्के मटण निघते, म्हणजे चोवीस किलोच्या बोकडाचं अकरा-बारा किलो, मुंडी, खूर, कलेजी-वजडी वेगळी. चामडी कोण ठेवणार, मजुरी किती, मुंडी अन् खूर भाजून देणार का, हे सगळं जनावर नेण्याआधी ठरवा, नंतर वाद नको. उभं राहून पाहू देत नसेल तर त्याच्याकडे जाऊच नका.

जाताना स्टीलचे मोठे डबे अन् थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घेऊन जा. मटण पसरट ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आधी गरमी निघू द्या. कलेजी, गुर्दा, सुंदरी त्याच दिवशी खायची. बाकीचं एक तर लगेच शिजवा, नाही तर फ्रिजमध्ये चार डिग्रीच्या खाली एक दिवस राहू द्या, मधल्या काही तासांत मटण आखडते आणि कितीही शिट्ट्या घ्या, चिवट लागते. गरम मटण सरळ फ्रीझरमध्ये टाकलं तरी तसंच होते. धुवायचं ते शिजवायच्या वेळी, धुऊन ओलं ठेवलं की लवकर खराब होते. एक दिवसानंतर अर्ध्या-अर्ध्या किलोचे चपटे पाकीट करून फ्रीझरमध्ये, म्हणजे एका वेळी लागेल तेवढंच काढता येते.

अजून एक, कळकळीनं सांगतो. उमरेड, रामटेककडून कोणी रानडुकराचं किंवा सशाचं मटण आणून देतो म्हणते आणि ते साफ करून देणारा पण सांगते. नका घेऊ. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहेच, मटण जवळ ठेवणं पण गुन्हा आहे, आणि ते कोणत्याच डॉक्टरनं तपासलेलं नसते. पेंच, उमरेड-कऱ्हांडला आपल्या उंबरठ्यावर आहे, तिथल्या वाघाचं खाणं आहे ते. वनविभागाचा १९२६ हा फोन नंबर आहे, सांगा तिथे. मी ज्या काकांकडे जातो त्यांच्याकडे एकदा कोणी असं पोतं घेऊन आला होता, काकांनी पोतं उघडू पण दिलं नाही, ठोकळ्यावरचा सत्तूर उचलून आत नेऊन ठेवला आणि म्हणाले, "आज दुकान बंद आहे." सकाळचे नऊ वाजले होते.