विद्यापीठाआधीची दोन वर्षं: निवडीची सुरुवात शेवटापासून करा

मी आयबी डिप्लोमा केला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. त्याआधी आमच्या घरी एकच चर्चा चालायची: आयबी चांगलं, ब्रिटिश पद्धतीचं ए लेव्हल चांगलं की फाउंडेशन, म्हणजे पदवीआधीचा तयारीचा कोर्स? आता कुणी हे विचारलं तर मी उलट विचारते, पदवी कशात घ्यायची आहे आणि साधारण कुठे? तेवढं ठरवा, चार-पाच विद्यापीठांच्या प्रवेशाच्या अटी स्वतः वाचा आणि मगच अभ्यासक्रमाकडे वळा.

गणिताचंच बघा. आयबीत सहा विषय घ्यायचे, त्यातले तीन किंवा चार हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात. २०१९ पासून गणिताचे दोन पर्याय आहेत, 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' आणि 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन'. अभियांत्रिकीचे बरेच विभाग यातला पहिलाच मागतात, तोही हायर लेव्हलचा. पहिल्या काही आठवड्यांनंतर विषय बदलणं फार अवघड जातं. त्यामुळे सोळाव्या वर्षी केलेली ही निवड पुढचे काही दरवाजे बंद करू शकते, आणि हे मुलांना आधी कुणीतरी सांगायलाच हवं.

ए लेव्हलला बहुतेक जण तीनच विषय घेतात, पण त्यांत खोलवर जातात. दिशा पक्की असेल तर उत्तम. ज्याला इतिहासही आवडतो आणि रसायनशास्त्रही सोडवत नाही, त्याला मी आयबी सुचवेन.

फाउंडेशन बहुधा वर्षभराचं असतं. भाषा, शैक्षणिक लेखन आणि पदवीला लागणारे मूळ विषय, एवढ्यावर त्याचा भर. इथे मात्र जपून. काही फाउंडेशन कोर्स एकाच विद्यापीठाशी जोडलेले असतात; दुसरीकडे ते चालतीलच असं नाही. मायदेशी परतून शिकायचं ठरलं तर त्याला समकक्षता मिळेल का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या. जर्मनीत 'श्टूडिएनकोलेग' नावाची सोय आहे. ज्यांचं शालेय प्रमाणपत्र थेट प्रवेशाला पुरत नाही, त्यांच्यासाठी साधारण दोन सत्रं. अभियांत्रिकीसाठी टी कोर्स, वैद्यकीयसाठी एम. पण आत शिरायलाच परीक्षा, आणि त्यासाठी जर्मन आधीच बऱ्यापैकी यावी लागते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त दिलं ते आयबीतल्या एक्स्टेंडेड एसेने, म्हणजे दीर्घ निबंधाने. एका प्रश्नावर जास्तीत जास्त ४,००० शब्द, प्रश्न आपणच शोधायचा. माझा पहिला प्रश्न इतका पसरट होता की मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, "यातलं तुला नेमकं काय शोधायचंय?" मग प्रश्न लहान करत नेणं, स्रोत पारखणं, संदर्भ चोख देणं हे सगळं हळूहळू जमत गेलं. पदवीच्या पहिल्या वर्षी निबंध आले तेव्हा माझा हात आधीच बसलेला होता. कोणताही अभ्यासक्रम घ्या, असं एखादं मोठं लेखन त्यात आहे का ते जरूर बघा.

आणि वेळेचं गणित. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखांचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातात, अंतिम परीक्षेच्या कितीतरी आधी. अर्जासोबत जातात ते शिक्षकांनी वर्तवलेले गुण, आणि ते बरेचदा पहिल्या वर्षाच्या कामावरून ठरतात. तुमच्या शाळेत ते कधी आणि कशावरून ठरवतात, हे पहिल्याच सत्रात विचारून ठेवा.