फ्लू गेला पण खोकला जात नाही? छातीतला कफ मोकळा कसा करायचा

ताप उतरला, अंगदुखी गेली, ऑफिस पण सुरू झालं आणि खोकला मात्र आहे तिथेच, रात्री आडवं झालं की सुरू, लोकलमध्ये दाराशी वारा लागला की सुरू, फोनवर दोन वाक्यं बोललं की सुरू. सध्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर एक जण तरी असा खोकतोय आणि जो तो एकच विचारतो की अजून का जात नाही, काही सिरियस तर नाही ना. म्हणून जे माहितीये ते एकदाच नीट लिहून काढते.

आधी घाबरणं थांबवा. फ्लूनंतरचा खोकला ३ ते ८ आठवडे रेंगाळू शकतो, त्यात नवीन काही बिघडलेलं असतंच असं नाही. होतं काय की फ्लूचा व्हायरस श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराची पार वाट लावून जातो. या अस्तरावर सूक्ष्म लव असते, ती सतत हलत राहून कफ आणि धूळ वर घशाकडे ढकलत असते. व्हायरस गेला तरी ही लव परत यायला काही आठवडे जातात, तोवर ते ढकलायचं काम खोकल्यालाच करावं लागतं, आणि आतून सगळं हुळहुळं झालेलं असतं त्यामुळे नुसती गार हवा, धूर, कुणाचा परफ्यूम, एवढ्यानेही उबळ येते. म्हणजे मारायला व्हायरस उरलेलाच नाही, जखम भरायची बाकी आहे. जखमेला डिवचेल ते बंद करायचं, कफ पातळ ठेवायचा, तो बाहेर पडायला मदत करायची आणि वेळ द्यायचा, बस.

म्हणूनच केमिस्टकडे जाऊन "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणत अझिथ्रोमायसिनचा ३ दिवसांचा कोर्स उचलून आणायची जी सवय आपल्याला लागलीये ती मला अजिबात पटत नाही. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि कफ पिवळा किंवा हिरवा दिसला म्हणजे बॅक्टेरियाच असंही नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइममुळे येतो, साध्या व्हायरल सर्दीतही येतो. काही ठिकाणी काउंटरवरच स्टेरॉइडची गोळी पण देतात, दोन दिवस बरं वाटतं खरं, पण डायबेटिस असेल तर शुगर कुठल्या कुठे जाते. डॉक्टरांनी तपासून दिलं तर जरूर घ्या, स्वतःच्या मनाने नको.

आता मुख्य गोष्ट, कफ बाहेर काढायची पद्धत. बहुतेक लोक काय करतात, जोर लावून खोकत बसतात, घसा सोलला जातो, बरगड्या दुखतात आणि कफ जागचा हलत नाही. फिजिओथेरपिस्ट जे शिकवतात ते वेगळं असतं, त्याला हफिंग म्हणतात, घरी आरामात जमतं. आधी काहीतरी कोमट प्या, मग खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीला टेकलेले, खांदे सैल, एक हात पोटावर. थोडा वेळ नेहमीसारखा शांत श्वास. मग नाकाने ३-४ खोल श्वास, प्रत्येक श्वास २-३ सेकंद आत धरायचा आणि हळू सोडायचा, म्हणजे कफाच्या मागे हवा शिरते. परत थोडा शांत श्वास. आता अर्धाच श्वास घ्या, तोंड चांगलं उघडा आणि चष्म्याची काच पुसायला वाफ सोडतो तसं "हाऽऽ" करून हवा बाहेर फेका, पण जोर घशातून नाही, पोटातून, आणि जरा लांबवर. एक-दोनदाच. छातीतली घरघर वर सरकल्यासारखी वाटली की मग मोठा श्वास घेऊन आखूड जोरदार "हा", आणि शेवटी एकदाच खोकून थुंका. ही सगळी फेरी १० मिनिटांत होते, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी केली की पुरे. चक्कर आली किंवा छातीत सुईसुई आवाज यायला लागला तर थांबायचं, आणि जेवल्या जेवल्या करायचं नाही, उलटी होते. आमच्या सासूबाईंना मी रोज समोर बसून करायला लावलं, त्यांना पहिल्यांदा वाटलं हे काय हाहा करायचं, पण सकाळी कफ एकदा सुटायला लागला तसा दिवसभराचा खोकला हळूहळू कमी होत गेला.

घरगुती उपायांमध्ये मधाला माझं पहिलं मत. रात्री झोपताना एक चमचा मध, नुसता किंवा कोमट पाण्यात, खोकला कमी होतो याला खरंच आधार आहे. फक्त १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कुणी कितीही सांगो, त्यातून बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. भाजीवाल्याकडे गवती चहाची जुडी मिळते, ती, आलं, तुळस, दोन मिरी असा काढा घ्या, गरम पाण्याने घशाला आराम पडतो आणि शरीरात पाणी गेलं की कफ पातळ राहायला मदत होते, फक्त मिरी-सुंठ इतकी घालू नका की ॲसिडिटी होईल, कारण ॲसिडिटीनेही खोकला वाढतो. हार्टचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. ज्येष्ठमधाची काडी चघळायला छान, पण बीपी असलेल्यांनी रोज रोज नको, त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. अडुळसा तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतातच, आणि गंमत म्हणजे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करायचं औषध अडुळशातल्याच व्हॅसिसिनवरून बनलंय, त्याच्या पुढचं ॲम्ब्रॉक्सॉल, जे आज निम्म्या सिरपांमध्ये असतं. गरोदर बाईने मात्र अडुळसा घेऊ नये. आणि दुधाने कफ होतो म्हणून हळदीचं दूध बंद करायची गरज नाही, दूध लाळेत मिसळून घशाशी जरा घट्ट वाटतं इतकंच, छातीत जास्तीचा कफ तयार होत नाही.

वाफ घ्या, बरं वाटतं, पण उकळत्या पातेल्यावर टॉवेल ओढून नको. वाफ घेताना पातेलं उलटून भाजल्याच्या केसेस हॉस्पिटलात येत असतात, त्यात मुलं जास्त. साधा स्टीमर वापरा किंवा गरम पाण्याने आंघोळ करताना बाथरूमचं दार लावून जरा वेळ आत थांबा. त्यात व्हिक्स, कापूर काही टाकायला नको. लहान बाळाच्या गळ्यात भीमसेनी कापराची पोटली बांधतात ती पण कृपया बांधू नका, कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते.

सिरपचं थोडक्यात सांगते. कोरडा खोकला असेल तर तो दाबणारं, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं, आणि कफ असेल तर तो पातळ करणारं. छातीत कफ भरलेला असताना दाबणारं सिरप घेतलं तर कफ आतच राहतो, म्हणून बाटलीवर घटक वाचा, नाहीतर केमिस्टला स्पष्ट विचारा की हे सुक्यासाठी की ओल्यासाठी. मुलांच्या बाबतीत मात्र हट्टाने सांगते, घरात पडलेली बाटली उघडून द्यायची नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी डायइथिलीन ग्लायकॉल असलेल्या कफ सिरपने कितीतरी लहान मुलं गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सांगितलं की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि ५ वर्षांखाली शक्यतो टाळावीत.

आता घर आणि आपली मुंबईची हवा. थंडीत समुद्रावरचा वारा मंदावला की बांधकामाची धूळ खाली साचून राहते, त्या दिवसांत पहाटेचा वॉक सोडा, ऊन वर आलं की जा, समीर या सरकारी ॲपवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा, बघून तो २०० च्या वर असेल तर घरातच फेऱ्या मारा. पावसाळ्यात भिंतीला ओल आणि बुरशी, त्यात खोलीतच कपडे वाळत घातलेले, त्याने पण खोकला धरून बसतो, पेशंटला निदान त्या भिंतीपासून लांब झोपवा. फोडणी घालताना खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू आणि खोकणारा माणूस किचनच्या बाहेर. मच्छर कॉइल बंद, उदबत्ती आणि धूप पण काही दिवस बंद, देवापुढे नुसतं निरांजन लावा. सिगरेट घरात कुणीच ओढायची नाही, बाल्कनीत पण नाही, धूर आतच येतो.

कबुतरांचं वेगळं सांगायला हवं. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण आपल्या घराच्या डक्टमध्ये आणि एसीच्या आउटडोअर युनिटवर जी घाण साठते तिच्याकडे कोण बघतं? पिसं आणि विष्ठेची धूळ श्वासातून जात राहिली तर काही लोकांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, आणि वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुसं कायमची कडक होतात. खिडकीत कबुतरं बसत असतील तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, सगळेच विचारत नाहीत. जाळी बसवून घ्या, आणि साफ करताना कोरडा झाडू मारायचा नाही, आधी पाणी मारून ओलं करायचं, एन-९५ मास्क लावायचा, आणि हे काम खोकणाऱ्याने करायचं नाही.

रात्री उबळ येते त्यांनी डोक्याखाली एक उशी वाढवून उपयोग नाही, मान वाकडी होते, पाठीपासून वर उचललं जाईल अशा उशा लावा. जेवण झोपायच्या २-३ तास आधी. एसीचा झोत तोंडावर नको. नाक चोंदून मागे घशात गळत असेल तर सलाइनचा स्प्रे मारा, जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वर ८ आठवडे लिहिलं म्हणून ८ आठवडे गप्प बसायचं नाही. मुंबईत टीबी खूप आहे, आणि खोकला २ आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासून घ्यायची हा सरकारी नियमच आहे, फ्लू झालेला असला तरी. लाज वाटायचं काहीच कारण नाही. पालिकेच्या जवळच्या दवाखान्यात किंवा "आपला दवाखाना" नावाच्या सरकारी केंद्रात जा, तपासणी आणि पुढे लागले तर उपचार दोन्ही मोफत, वर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये पण मिळतात. कुठे जायचं कळत नसेल तर निक्षय संपर्क या सरकारी टीबी हेल्पलाइनचा १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर आहे. दवाखान्यात थुंकीसाठी डबी देतात, एक नमुना तिथेच आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळचा. सकाळचा देताना काही खायच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरा, खिडकीशी किंवा मोकळ्यावर जा, मगाशी सांगितलं तसे खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा. नुसती लाळ दिली तर टेस्टला अर्थ राहत नाही, घट्ट कफ हवा. छातीचा एक्स-रे सांगितला तर टाळू नका.

आणि काही गोष्टींना २ आठवडे पण थांबायचं नाही. ताप उतरून ३-४ दिवसांनी परत चढला तर फ्लूवर न्युमोनिया झाला असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर. थुंकीत रक्त किंवा गंजासारखा रंग, श्वास घेताना छातीत टोचणं, जिना चढताना आधी नव्हता असा दम, वजन उतरणं, रात्री घामाने उशी भिजणं, हे पण लगेच दाखवा. ऑक्सिमीटर घरात असेल तर नेलपॉलिश काढून, बोट गरम करून लावा, ९४ च्या खाली राहायला लागलं तर डॉक्टर, ९२ किंवा कमी असेल किंवा ओठ निळसर दिसले, वाक्य पूर्ण बोलता येईना, म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं तर १०८ लावा. आडवं झालं की दम लागतो आणि पाय सुजलेत असं असेल तर ते हार्टचंही असू शकतं.

बीपीची गोळी पण एकदा तपासा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही लोकांना सतत कोरडा खोकला येतो आणि बिचारे फ्लूलाच दोष देत बसतात. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. तसंच रात्री-पहाटे खोकला, सोबत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, लहानपणी दम्याचा त्रास, असं काही असेल तर पंपाला, म्हणजे इनहेलरला, घाबरू नका, औषध सरळ फुप्फुसात जातं आणि गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं.

कामावर जायला हरकत नाही पण पहिले काही दिवस गर्दीची फास्ट लोकल सोडून स्लो पकडा, बसायला मिळालं तर उत्तम, आणि मास्क लावा, धुळीपासून तुमचा बचाव आणि शेजारच्यालाही त्रास नाही. जिम, धावणं लगेच नको, आधी सपाटीवर चालणं, बोलता बोलता चालता आलं की मग वाढवा. आणि घरात ६५ च्या वरचं कुणी असेल, डायबेटिस किंवा दम्याचं कुणी असेल तर पुढच्या पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच, फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा, ती दरवर्षी घ्यावी लागते.