स्लेजच्या कुत्र्यांना बुट्या चढवताना

अलास्कातल्या इडिटारोड या स्लेजच्या, म्हणजे कुत्र्यांनी बर्फावर ओढायच्या बिनचाकी गाड्यांच्या शर्यतीत नोम या शेवटच्या गावापर्यंतचं अंतर साधारण 1,600 किलोमीटर. नियमाप्रमाणे कुत्र्यामागे आठ बुट्या, म्हणजे पंज्यांवर चढवायचे कापडी मोजे लागतात, पायांतल्या आणि स्लेजमधल्या धरून. 16 कुत्र्यांना एका वेळी 64 बुट्या चढवायच्या असतात, म्हणून सगळी मदार हाताच्या सवयीवर. मशर, म्हणजे स्लेज हाकणारे, पुढच्या मुक्कामांवर सामानाच्या पिशव्या आधीच धाडून ठेवतात, त्यांत ताज्या बुट्या सढळ हाताने भराव्यात.

बुटी म्हणजे जाड नायलॉनची छोटी पिशवी, तोंडाशी वेल्क्रोचा ताणला जाणारा पट्टा. मागचे पंजे बहुधा लहान असतात, तेव्हा मापं रंगाने वेगळी ठेवा. अंधारात लेबल कोण वाचणार?

कुत्र्याच्या बाजूला, त्याच्याच दिशेला तोंड करून गुडघ्यावर बसा. पंजा मागे वळवून उचला. बोटांच्या मधला बर्फ काढा, चिरा पाहा, लांब वाढलेले केस आधीच कापलेले असू द्या, कारण बर्फाचे गोळे त्यांनाच धरून बसतात. आता बुटी पूर्ण आत सरकवा, बोटांपुढे थोडी जागा ठेवा. पट्टा पंजाच्या वरच्या बारीक भागाभोवती गुंडाळा, पण न ताणता. पायाच्या आतल्या बाजूचं सुटं नख पट्ट्याखाली घासत नाही ना, ते बोटाने चाचपा. करंगळी जेमतेम आत जायला हवी.

घोळ होतो तो इथेच. घाईत पट्टा खेचून चिकटवला की रक्त अडतं, पंजा सुजतो. सैल राहिला तर बुटी गरगर फिरते, आत बर्फ भरतो, शेवटी वाटेत कुठेतरी पडते. वेल्क्रोत बर्फ बसला असेल तर पट्टा चिकटणारच नाही, आधी झटका. जाड हातमोज्यांत हे काम जमत नाही, पातळ मोजे घाला आणि दोन-तीन कुत्र्यांनंतर हात शेकून घ्या.

प्रत्येक थांब्यावर बुट्यांची टोकं पाहा. नखांनी भोक पडलं की बर्फ आत शिरून गोळा होतो आणि पाय सोलतो. अशी बुटी न घातलेलीच बरी. वाळूसारख्या खरखरीत बर्फावर भोकं लवकर पडतात. गोठलेल्या नदीवर साचलेल्या पाण्यातून गेलात तर पलीकडे कोरड्या जागी थांबून लगेच बदला.

मुक्कामी पोचताच, खाणं शिजायला ठेवण्याआधी, सगळ्या बुट्या काढा. ओलं कापड पायावर आखडतं. मग पंज्यांना मलम चोळा.

निघताना ओढण्याच्या दोऱ्या कुत्र्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांना लावायच्या त्या बुट्या झाल्यावरच. दोरी जोडल्याबरोबर कुत्रे उड्या मारायला लागतात, मग एकही पाय हातात येत नाही.